संख्येचे पट: यादी, कसोट्या आणि लसावि, नेहमीच्या चुका टाळून

लसाविचे (लघुत्तम सामाईक विभाज्याचे) उदाहरण चुकले की मुलांना लसाविच काढता येत नाही असे ठरवून टाकले जाते. वही नीट पाहिली तर चूक बहुधा दोन पायऱ्या आधी सापडते. कुणी पट विचारले असताना विभाजक लिहिलेले असतात, कुणाच्या यादीत मध्येच एक आकडा घसरलेला असतो, तर कुणी पाढा दहाला संपला म्हणून यादीही तिथेच संपवलेली असते. पाचवी ते आठवीच्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी पुढचे टप्पे याच क्रमाने घ्यावेत. पहिले दोन टप्पे पक्के झाल्याशिवाय कसोट्यांकडे वळू नये. उदाहरणे कोकणातल्या रोजच्या व्यवहारातली आहेत: आंब्याची पेटी, नारळाचे आगर, एसटीचा थांबा.

आधीची तयारी

चौकटीची वही, पेन्सिल, चाळीसेक चिंचोके आणि दोनेक मीटर सुंभाची दोरी एवढे सामान पुरते. चिंचोके गट पाडायला आणि दोरी अंतरे मोजायला लागते. पाढे २ ते १० पाठ असतील तर काम लवकर होते. नसतील तरी अडत नाही, कारण पट काढायला सारखी बेरीज येत असली की झाले.

यादी करायला बसण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या संख्येचे पट हवेत, कुठपर्यंत हवेत, आणि ० धरायचा की नाही. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. तो टप्पा ३ मध्ये येईल.

टप्पा १: दोन्ही संख्या घालून वाक्य लिहा

एखादी संख्या नुसतीच ‘पट’ नसते, ती कशाची तरी पट असते. म्हणून सुरुवातीचे काही दिवस उत्तर म्हणून एकटा आकडा स्वीकारू नये, पूर्ण वाक्य लिहून घ्यावे:

- ४२ ही संख्या ७ ची पट आहे.
- ४२ ला ७ ने निःशेष भाग जातो.
- ४२ ही ७ ने विभाज्य आहे.
- ७ हा ४२ चा विभाजक आहे.

चारही वाक्ये एकच गोष्ट सांगतात. चौथे वाक्य मात्र उलट बाजूने सांगते, आणि गोंधळ तिथेच होतो. ‘१२ च्या पाच पटी लिहा’ म्हटल्यावर १, २, ३, ४, ६ लिहिणारे मूल गुणाकारात कच्चे नसते. त्याने दिशा उलटी धरलेली असते. यावर चिंचोक्यांचा उपाय लगेच लागू पडतो. १२ चिंचोके समोर ठेवून त्यांचे सारखे गट पाडायला सांगा: ते विभाजक. मग १२–१२ चे ढीग एकामागून एक वाढवत न्यायला सांगा: ते पट. पहिल्या कामात चिंचोके तेवढेच राहतात, दुसऱ्या कामात पिशवीतून आणखी काढावे लागतात. हा फरक हाताला कळला की वहीतली दिशा सहसा चुकत नाही.

तपासणी: शून्य सोडले तर कुठलाही पट मूळ संख्येएवढा किंवा तिच्याहून मोठाच असतो. १२ च्या यादीत ६ दिसला की दिशा उलटली आहे.

इशारा: बोलण्यात आपण दीडपट, अडीचपट सर्रास म्हणतो. १८ ही १२ च्या दीडपट आहे, पण अंकगणितात १८ ला १२ ची पट म्हणत नाहीत, कारण १२ ला कुठल्याही पूर्ण संख्येने गुणून १८ येत नाहीत. गुणणारी संख्या ०, १, २, ३… अशी पूर्णच हवी. दिडकी-अडीचकी (दीड आणि अडीचचे पाढे) पाठ असलेल्या घरात ही चूक आवर्जून होते. मोठ्यांनीही ‘पट’ म्हणताना जपावे.

टप्पा २: यादी सारख्या उड्यांनी करा, पाढ्यावर थांबू नका

१३ चे पट काढू. १३ लिहा आणि दर वेळी १३ मिळवत जा:

१३, २६, ३९, ५२, ६५, ७८, ९१, १०४, ११७, १३०, १४३, १५६ …

शेवटची तीन टिंबे मुद्दाम लिहायला लावावीत. यादी संपत नाही. पाढा दहापर्यंत पाठ केला म्हणून पट दहाच असतात असे मुलांच्या मनात घट्ट बसलेले असते. ‘१४३ हा १३ चा पट आहे का?’ या प्रश्नाला ‘पाढ्यात नाही’ असे उत्तर आले, तर हा टप्पा पुन्हा घ्यावा.

यादीतली खरी अडचण बेरजेपेक्षा आकडा लिहिण्यात असते. मूल तोंडाने ‘एकोणचाळीस’ बरोबर म्हणते आणि हाताने ४९ लिहिते. एकोणपन्नासचे ५९ आणि एकोणऐंशीचे ८९ असेच होतात, कारण कानाला पुढचा दशक ऐकू येतो. आणि एक आकडा दहाने चुकला की त्यापुढची सगळी यादी चुकते: ४९, ६२, ७५, ८८… प्रत्येक उडी बरोबर १३ ची असल्यामुळे मुलाला आपले चुकले आहे असे वाटतही नाही. म्हणून दोन जागी खुंटी ठोकून ठेवावी:

- पाचवा पट आधीच काढून ठेवा. १३ साठी ६५.
- दहावा पट म्हणजे संख्येपुढे शून्य. १३ साठी १३०.

उड्या मारत जाताना या दोन जागी तोच आकडा यायला हवा. नाही आला तर मागच्या पाचांतच चूक आहे. सगळी यादी खोडायची गरज नाही.

आणखी एक पडताळा एककाच्या अंकांचा. १३ च्या यादीत एकक स्थानी ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७, ० असे अंक येतात आणि मग तेच चक्र पुन्हा सुरू होते. ७ च्या यादीत ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. आठच्या यादीचे चक्र लहान: ८, ६, ४, २, ०. म्हणून ८ च्या यादीत विषम अंकाने संपणारी संख्या दिसली की ती चूकच. मात्र दशकाची चूक, म्हणजे वरच्या ३९–४९ सारखी, या पडताळ्याने पकडली जात नाही. तिच्यासाठी पाचवी आणि दहावी खुंटीच हवी.

टप्पा ३: शून्याचे काय करायचे ते ठरवा

१३ × ० = ०, म्हणून ० हा १३ चा पट आहे. तो प्रत्येक संख्येचा पट आहे. शाळेत यादी बहुधा संख्येपासूनच सुरू करतात, आणि ‘पहिल्या पाच पटी’ विचारल्या तर १३, २६, ३९, ५२, ६५ हेच उत्तर अपेक्षित असते. परीक्षेत तसेच लिहावे. पण शून्य यादीत आहे हे विसरले की मोजणीत फसगत होते.

आगरात नारळाची रोपे लावायची आहेत. दोन झाडांत साडेसात मीटर, म्हणजे ढोबळ २५ फूट अंतर ठेवतात. २०० फुटांच्या सरळ ओळीत, दोन्ही टोकांना रोप धरून, किती रोपे लागतील? २०० ÷ २५ = ८ असे म्हणून आठ रोपे आणणाऱ्याच्या ओळीत शेवटचा खड्डा रिकामा राहतो. खड्डे २५ च्या पटांवर पडतात: ०, २५, ५०, ७५, १००, १२५, १५०, १७५, २००. हे नऊ झाले. ८ ही मधल्या अंतरांची संख्या आहे, रोपांची नाही.

हे वहीवर करण्याआधी सुंभावर करून दाखवावे. दोरीला पहिली गाठ अगदी टोकाला, मग दर वितीला एक, अशा आठ विती मोजून गाठी मारा. मुलाला आधी विती मोजायला सांगा, मग गाठी. विती आठ भरतात, गाठी नऊ. आता दोरीची दोन्ही टोके जुळवून गोल करा. पहिली आणि शेवटची गाठ एकच होते आणि गाठी आठ उरतात. म्हणजे विहिरीभोवती किंवा आवाराच्या चारी बाजूंनी रोपे लावायची असतील तर उत्तर भागाकाराएवढेच, सरळ ओळीत मात्र एक जास्त.

तपासणी: प्रश्नात ‘किती झाडे, खांब, दिवे’ असे शब्द आले की आधी विचारा: ओळ सरळ आहे की बंद? टोकांना लावायचे आहे का?

टप्पा ४: यादी न करता ओळखा

मोठ्या संख्येसाठी यादी करत बसणे परवडत नाही. इथे विभाज्यतेच्या कसोट्या लागतात, पण त्या कशावर चालतात हे कळले तरच लक्षात राहतात.

२, ५, १०: एककाचा अंक पाहा. दशकापासूनचा सगळा भाग १० चा पट असतोच.

४: शेवटचे दोन अंक पाहा, कारण १०० हा ४ चा पट आहे. ८: शेवटचे तीन, कारण १००० हा ८ चा पट आहे.

३ आणि ९: अंकांची बेरीज करा. १० = ९ + १, १०० = ९९ + १, म्हणून ९ चे गठ्ठे बाजूला काढले की अंकांची बेरीजच उरते.

११: अंक एकाआड एक वजा-अधिक करा. उत्तर ० किंवा ११ चा पट यायला हवा. २७१७ साठी २ − ७ + १ − ७ = −११, म्हणून २७१७ ला ११ ने भाग जातो. भागाकार २४७.

७: यासाठी कसोट्या पाठ करण्यापेक्षा संख्या फोडावी. ४०६ = ३५० + ५६. दोन्ही भाग ७ चे पट, म्हणून ४०६ ही ७ ची पट. ही रीत कुठल्याही संख्येला चालते. १३ साठीही.

आपल्या किनाऱ्याची लांबी भूगोलाच्या अनेक पुस्तकांत ७२० किलोमीटर दिलेली असते. हीच संख्या कसोट्यांवर लावून पाहू. शेवटी ०, म्हणून २, ५, १० ने भाग जातो. शेवटचे दोन अंक २०, म्हणून ४ ने जातो. ७ + २ + ० = ९, म्हणून ३ ने आणि ९ ने जातो. ८ ने ९० वेळा जातो. ७ साठी ७०० + २०. २० ला भाग जात नाही, म्हणून ७२० लाही नाही. ११ साठी ७ − २ + ० = ५, नाही.

इशारा १: फोडताना एक भाग आधी नक्की पट असलेला निवडा. १४ = १० + ४ असे फोडून ‘१० ला ७ ने भाग जात नाही, ४ लाही जात नाही, म्हणून १४ लाही नाही’ म्हणणे चूक. पट नसलेल्या दोन संख्यांची बेरीज पट असू शकते.

इशारा २: जोडकसोटी लावताना दोन संख्यांत १ शिवाय सामाईक विभाजक नसावा. ६ साठी २ आणि ३, १२ साठी ३ आणि ४, १५ साठी ३ आणि ५, २४ साठी ३ आणि ८. ‘१२ म्हणजे २ गुणिले ६, मग २ आणि ६ ने भाग गेला की झाले’ हा तर्क १८ वर लगेच आपटतो: १८ ला २ ने जातो, ६ ने जातो, १२ ने जात नाही. तसेच ३६ ला ४ आणि ६ ने जातो, २४ ने जात नाही. शिष्यवृत्तीच्या प्रश्नांत पर्याय निवडताना मुले इथे हमखास अडकतात.

टप्पा ५: दोन संख्यांच्या दरम्यानचे पट मोजा

९६ ते ३०० मध्ये, दोन्ही धरून, १२ चे किती पट आहेत?

३०० पर्यंत ३०० ÷ १२ = २५. आता ९६ च्या आधीचे काढून टाकायचे, म्हणजे ९५ पर्यंतचे: ९५ ÷ १२ चा पूर्ण भाग ७. उत्तर २५ − ७ = १८.

चूक कुठे होते? ९६ लाच भागून ८ वजा केले जातात आणि उत्तर १७ येते. त्यात ९६ स्वतःच गळतो. खालची मर्यादा धरायची असेल तर तिच्या एक आधीच्या संख्येला भागावे. पडताळा हवा असेल तर (३०० − ९६) ÷ १२ + १ = १८. हा +१ टप्पा ३ मधल्या गाठींचाच आहे.

टप्पा ६: सामाईक पट आणि लसावि

हापूसच्या काही पेट्या चार डझनी, काही पाच डझनी. म्हणजे ४८ आणि ६० आंबे. दोन्ही प्रकारच्या पेट्या पूर्ण भरून सारखेच आंबे पाठवायचे असतील तर कमीत कमी किती?

४८: ४८, ९६, १४४, १९२, २४०, २८८ …
६०: ६०, १२०, १८०, २४०, ३०० …

दोन्ही यादींत प्रथम येणारी संख्या २४०. चार डझनी पाच पेट्या किंवा पाच डझनी चार. पुढचे सामाईक पट शोधायला पुन्हा याद्या नकोत, ते २४० चेच पट असतात: ४८०, ७२०, ९६० …

याद्या लांबत असतील तर मूळ अवयव पाडा. ४८ = २ × २ × २ × २ × ३, ६० = २ × २ × ३ × ५. प्रत्येक मूळ अवयव ज्या संख्येत जास्त वेळा आला असेल तितक्या वेळा घ्या: २ चार वेळा, ३ एकदा, ५ एकदा. गुणाकार २४०.

इथल्या चुका नेहमीच्या आहेत. पहिली, दोन्ही संख्यांचा सरळ गुणाकार: ४८ × ६० = २८८०. हा सामाईक पट आहे, पण लघुत्तम नाही. दुसरी, लसाविच्या जागी मसावि (महत्तम सामाईक विभाजक), इथे १२, लिहिणे. टप्पा १ मधली तपासणी इथेही चालते: लसावि मोठ्या संख्येहून लहान असूच शकत नाही. तिसरी जरा लपलेली आहे. दोन संख्यांसाठी ‘गुणाकार भागिले मसावि’ बरोबर येते (२८८० ÷ १२ = २४०), म्हणून तेच सूत्र तीन संख्यांना लावले जाते. ४, ६, १० घ्या: गुणाकार २४०, मसावि २, उत्तर १२०. खरा लसावि ६०. तीन संख्या असतील तर आधी दोघींचा लसावि, मग त्याचा तिसरीशी.

आणि शून्य? तो सगळ्यांचाच सामाईक पट असल्यामुळे लसाविसाठी धरत नाहीत. लसावि म्हणजे शून्य सोडून सर्वांत लहान सामाईक पट.

टप्पा ७: शाब्दिक उदाहरणांत वापर

*पुढचा पट.* १००० आंबे ४८ च्या पेट्यांत भरायचे आहेत. ४८ × २० = ९६०, उरले ४०. एकविसावी पेटी भरायला आणखी ८ हवेत, म्हणजे १००८. गणपतीच्या नैवेद्याला २१–२१ मोदकांची ताटे करायची आणि मोदक झाले आहेत १००. चार ताटांत ८४ गेले, १६ उरले, पाचव्यासाठी ५ आणखी वळायचे. ‘किती कमी पडतात’ विचारले की बाकी हे उत्तर नसते, भाजकातून बाकी वजा करावी लागते. घाईत १६ लिहिले जातात.

*सारखी बाकी.* नारळाच्या ढिगाचे ६–६, ८–८ किंवा ९–९ चे वाटे केले तरी दर वेळी ५ उरतात. नारळ शंभराच्या वर आहेत. कमीत कमी किती? ६, ८, ९ चा लसावि ७२. शंभराच्या पलीकडचा पहिला पट १४४, त्यात ५ मिळवून १४९. वजा करून १३९ काढणारे बरेच असतात. ‘उरतात’ म्हटले की मिळवा, ‘कमी पडतात’ म्हटले की वजा करा, आणि उत्तर तिन्ही संख्यांनी भागून पाहा: १४९ ÷ ६, बाकी ५; १४९ ÷ ८, बाकी ५; १४९ ÷ ९, बाकी ५.

*पुन्हा एकत्र कधी.* समजा एका थांब्यावरून एका मार्गाची एसटी दर २० मिनिटांनी आणि दुसऱ्या मार्गाची दर ४५ मिनिटांनी सुटते. दोन्ही सकाळी ६ वाजता सुटल्या, तर लसावि १८० मिनिटे, म्हणजे ९ वाजता पुन्हा एकत्र. आता पहिलीची पहिली गाडी ६:१० ला असेल तर? ‘तीन तासांनी’ हे उत्तर इथे चालत नाही, कारण दोन्ही याद्या एकाच शून्यापासून निघालेल्या नाहीत. प्रत्यक्ष वेळा लिहा: ६:१०, ६:३०, ६:५०, ७:१०, ७:३० आणि ६:००, ६:४५, ७:३०. पहिली गाठ ७:३० ला, त्यानंतर मात्र दर १८० मिनिटांनी. आणि पहिली गाडी ६:०७ ला सुटत असेल तर त्या कधीच एकत्र सुटणार नाहीत. २० आणि ४५ चा मसावि ५ आहे. सुरुवातीचा फरक ५ चा पट नसेल तर दोन याद्या कुठेही जुळत नाहीत.

लसावि लावण्याआधी म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात: सुरुवात एकच आहे का, आणि अंतर खरोखर कायम सारखे आहे का. दुसऱ्या गोष्टीसाठी भरतीचे उदाहरण किनाऱ्यावरच्या मुलांना चटकन पटते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, म्हणून सात दिवसांनी ३५० मिनिटे असा हिशेब मुले करतात. पण ही ५० मिनिटे सरासरी आहेत. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) दिवसांत वेळ त्याहून कमी सरकते, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत जास्त, आणि रोजचा हा फरक साठत जातो. उद्याच्या भरतीचा अंदाज यावरून ठीक येतो. आठवड्यानंतरची वेळ हवी असेल तर ती भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्यावी.